दगडावरची जाहिरात : नाणेघाट ते त्रिरश्मी

शहापूर तालुक्यातील डोळखांब नकाशावर शोधले, तर त्याच्या जागेचे महत्त्व चटकन लक्षात येते. उत्तरेला कसाऱ्याचा थळघाट, आग्नेयेला मुरबाडच्या टोकाला नाणेघाट आणि पाठीशी सह्याद्रीची सलग भिंत. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण आणि सोपारा या बंदरांत उतरलेला माल याच घाटांनी वर चढत असे. एक वाट नाशिककडे जाई, दुसरी जुन्नरमार्गे पैठणकडे. या दोन्ही वाटांवर, वर चढून गेल्यानंतर जिथे माणूस हमखास थांबतो अशा जागी, राजघराण्यांनी खडकात लांबलचक मजकूर कोरून ठेवला. हा धागा त्या मजकुरांविषयी आहे. त्यांत काय लिहिले आहे हे अनेकांना ठाऊक असते. ते कोणाला, काय आणि कोणत्या युक्तीने पटवण्यासाठी लिहिले, हा प्रश्न मात्र फारसा विचारला जात नाही.

‘जाहिरात’ हा शब्द अरबी ‘जाहिर’वरून मराठीत आला. जाहिर म्हणजे उघड, सर्वांना दिसणारे. विकायच्या वस्तूशी त्याचा संबंध नंतर जुळला. मुळात जे चारचौघांत मांडले ते जाहीर. या अर्थाने पाहिले तर महाराष्ट्रातील सर्वांत जुन्या जाहिराती छापखान्याच्या आधी अठरा शतके तयार झाल्या होत्या. आज कसारा घाटाकडे जाताना महामार्गाच्या कडेला जे फलक लागतात, त्यांच्याशी या शिलालेखांचे नाते वरवरचे नाही. जागा तीच निवडली आहे, प्रेक्षक तोच आहे, आणि शब्दांची हत्यारेही बरीचशी तीच आहेत. फरक इतकाच, की इथे साबण विकायचा नव्हता. विकायचा होता विश्वास: ही वाट आमची आहे, इथे जकात घेण्याचा हक्क आमचा आहे, आणि आमचे घराणे टिकणारे आहे.

सुरुवात नाणेघाटापासून. मुरबाडकडून वैशाखरे गाठून घाट चढला, की माथ्याजवळ खडकात खोदलेली एक लेणी लागते. तिच्यात बुद्धमूर्ती नाही, स्तूप नाही. तीन बाजूंना बसण्यासाठी दगडी कट्टे आहेत. माथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे; व्यापारी जकातीची नाणी त्यात टाकत, असे परंपरा सांगते आणि घाटाच्या नावाचा अर्थही लोक त्याच्याशी जोडतात. परंपरा खरी मानली नाही, तरी लेणीचा उपयोग उघड आहे. घाट चढून दमलेला माणूस आणि त्याचे बैल इथे थांबत असणार. थांबलेला माणूस भिंतीकडे बघतो. आणि डाव्या-उजव्या दोन्ही भिंतींवर ब्राह्मी अक्षरांच्या मोठ्या ओळी आहेत.

विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या लेखाकडे विद्वानांचे लक्ष वेधले. पुढे भगवानलाल इंद्रजी आणि ब्यूलर यांनी तो वाचला. लेख बराच झिजलेला आहे, त्यामुळे काही वाक्ये अर्धीच हाती लागतात. काळ साधारणपणे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या आसपासचा मानला जातो. भाषा प्राकृत आहे, संस्कृत नाही. ही निवडही बोलकी आहे. लेखात वैदिक यज्ञांचीच वर्णने आहेत, तरीही ती यज्ञाच्या भाषेत लिहिलेली नाहीत. वाटेवरच्या माणसांच्या कानाला ओळखीच्या भाषेत लिहिलेली आहेत. ज्यांना ब्राह्मी वाचता येत नसे, त्यांना कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवले तर अर्थ कळावा, एवढी सोय त्यात झाली.

लेखाचा आरंभ वंदनाने होतो. धर्म, इंद्र, संकर्षण आणि वासुदेव, चंद्र आणि सूर्य, मग यम, वरुण, कुबेर आणि वासव हे चार लोकपाल. ही यादी केवळ भक्तीची नाही, असे म्हणण्यास जागा आहे. घाटावरून जाणारा प्रत्येक जण एका पंथाचा नव्हता. जवळच्या जुन्नर परिसरात बौद्ध लेण्यांना दान देणारे व्यापारी आणि कारागीर होते. इतक्या विस्तृत यादीत प्रत्येकाला आपल्या ओळखीचे एखादे नाव सापडतेच. ऐकणारा पहिल्याच ओळीत मान हलवू लागला, की पुढचे बोलणे सोपे होते.

मग येतो लेखाचा गाभा, आणि तो जवळजवळ संपूर्णपणे आकड्यांचा आहे. अग्न्याधेय, राजसूय, अश्वमेध, गवामयन, आप्तोर्याम, गर्गत्रिरात्र अशा यज्ञांची नावे एकामागून एक येतात आणि प्रत्येकाबरोबर दक्षिणेचा हिशेब येतो. १,७०० गाई आणि १० हत्ती. ११,००० गाई आणि १,००० घोडे. २४,४०० कार्षापण. एके ठिकाणी १०,००१ गाई, दुसरीकडे १,१०१. यज्ञ पाहायला जमलेल्यांना आणि सेवकांना मिळून ६,००१ कार्षापण दिल्याचा उल्लेखही ब्यूलर यांनी वाचला आहे. प्रेक्षकांनासुद्धा पैसे मिळाले, हे घाटातल्या प्रेक्षकांना सांगणे ही साधी गोष्ट नव्हे.

गणिताच्या इतिहासात हा लेख प्रसिद्ध आहे, कारण भारतातील सर्वांत जुन्या अंकचिन्हांपैकी काही त्यात सापडतात. दहा, शंभर, हजार यांना स्वतंत्र चिन्हे आहेत. स्थानमूल्याची पद्धत अजून आलेली नाही. पण वक्तृत्वाच्या दृष्टीने पाहिले, तर हेच आकडे वेगळे काम करतात. ‘पुष्कळ गाई दिल्या’ असे म्हटले तर ऐकणारा ते विसरतो. ‘११,०००’ म्हटले तर त्याच्या डोळ्यांसमोर कळप उभा राहतो. आणि ‘१०,००१’ म्हटले, तर कुणीतरी शेवटची गाय मोजली होती असा भास होतो. तो वरचा एक शुभ म्हणून घातला असेल. आजही आहेराच्या पाकिटात एकशे एक रुपये घालणाऱ्या समाजाला त्याचे कारण समजावून सांगावे लागत नाही. पण शुभाबरोबर नेमकेपणाचा ठसाही उमटतो. गोल आकडा अंदाज वाटतो, अडखळणारा आकडा हिशेब वाटतो.

हे आकडे खरे मानावेत का? इथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने थांबायला हवे. श्रौतग्रंथांत यज्ञागणिक दक्षिणेचे प्रमाण सांगितलेले असते, त्यामुळे लेखातील काही संख्या प्रत्यक्ष गोठ्यातून आलेल्या नसून विधीच्या नियमांतून आलेल्या असू शकतात. पाठ्यपुस्तकांत ‘सातवाहनांची आर्थिक सुबत्ता’ सिद्ध करण्यासाठी हे आकडे जसेच्या तसे उतरवले जातात, ते घाईचे आहे. लेख एवढेच निश्चित सिद्ध करतो, की सातवाहनांना आपण इतके श्रीमंत आहोत असे दिसायला हवे होते. आणि ते याच घाटात दिसायला हवे होते, दरबारात नव्हे.

का, याचे उत्तर लेखातल्या एका स्त्रीच्या वर्णनात आहे. लेखात जिचे गुण सांगितले आहेत ती महिना-महिना उपवास करणारी, घरात राहून तपस्विनीसारखे जगणारी, ब्रह्मचर्य पाळणारी, दीक्षा, व्रते आणि यज्ञ यांत निष्णात अशी राणी आहे. ती एका महारठी सरदाराची कन्या आणि राजपुत्रांची आई आहे. मूर्तींवरील नावांच्या आधारे ही राणी म्हणजे पहिल्या सातकर्णीची पत्नी नागनिका, असे मानले जाते. व्रतस्थ जीवनाच्या वर्णनावरून ती त्या वेळी विधवा होती आणि लहान मुलाच्या वतीने राज्य सांभाळत होती, हा बहुतेक अभ्यासकांचा तर्क आहे. तो मान्य केला, तर लेखाचा सगळा सूर बदलतो. राजा गेला आहे. गादीवर मूल आहे. घाटावरून रोज जाणाऱ्या शेकडो लोकांच्या मनात एकच शंका आहे: हे घराणे आता टिकेल का? ज्यांच्याकडे सत्ता पक्की असते, ते आकड्यांचा असा डोंगर रचत नाहीत.

शब्दांच्या जोडीला चित्रेही होती. लेणीच्या मागच्या भिंतीवर राजघराण्यातील व्यक्तींच्या मूर्ती कोरल्या होत्या आणि प्रत्येकीच्या डोक्यावर नाव. मूर्ती केव्हाच फुटल्या. पावलांच्या खुणा आणि नावे उरली. राजा सिमुक सातवाहन हा घराण्याचा संस्थापक आरंभी. मग एकाच नामपट्टीत राणी नायनिका आणि राजा श्री सातकर्णी, आणि त्यात राणीचे नाव आधी. पुढे कुमार, आणि कुमारांच्या रांगेत एक महारठी. वरवर हे कौटुंबिक चित्र आहे. पण ते नीट पाहिले तर एक युक्तिवाद आहे: मागे संस्थापक, मध्ये राणी, पुढे वारस, आणि सोबतीला स्थानिक बलाढ्य सरदारांचे माहेर. न वाचता येणाऱ्यालाही एवढे एका नजरेत कळत होते. नावे वर लिहिण्याचे कारणही उघड आहे. आज एखाद्या फलकावर नेत्यांचे चेहरे ओळीने लावतात, तेव्हा प्रत्येकाखाली नाव लागतेच. कोण कोणाशेजारी उभा आहे, यातच संदेश असतो.

आता थळघाटाच्या वाटेने नाशिककडे जावे लागेल, कारण पुढचा अंक तिथे घडला. मधल्या काळात परिस्थिती पालटली होती. गुजरात आणि उत्तर कोकणावर क्षहरात घराण्यातील शक क्षत्रप नहपान याची सत्ता आली. ‘पेरिप्लस’ हे पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासवर्णन सांगते, की कल्याणच्या बंदरातील व्यापार अडवला गेला होता आणि तिथे चुकून आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात. म्हणजे भांडण केवळ मानाचे नव्हते. कोणत्या बंदरात माल उतरणार आणि कोणत्या घाटाने तो वर चढणार, यावर दोन घराण्यांचे उत्पन्न अवलंबून होते.

नाशिकजवळच्या त्रिरश्मी डोंगरावर, म्हणजे आजच्या पांडवलेण्यांत, नहपानाचा जावई उषवदात याने दहाव्या क्रमांकाची लेणी खोदवली आणि तिच्या भिंतीवर स्वतःच्या दानांची यादी कोरली. तीन लाख गाई. देव आणि ब्राह्मण यांना १६ गावे. वर्षभर एक लाख ब्राह्मणांना भोजन. भडोच, दशपूर, गोवर्धन आणि सोपारा इथे धर्मशाळा, विहिरी, तळी, बागा. आणि मग एक अतिशय व्यवहारी ओळ: इबा, पारदा, दमणा, तापी, करबेणा आणि डाहाणुका या नद्यांवर फुकट तरीची सोय. डाहाणुका म्हणजे आजच्या डहाणूच्या परिसरातील नदी.

नाणेघाटाच्या लेखाशी तुलना केली, तर ही यादी एक पाऊल पुढे गेलेली दिसते. नागनिकेच्या लेखात दान पुरोहितांना मिळते. वाटसरू ते ऐकून थक्क होतो, पण त्याच्या पदरात काही पडत नाही. उषवदात मात्र ऐकणाऱ्यालाच काहीतरी देतो. नाशिकला पोहोचलेला व्यापारी कदाचित वाटेत याच तरीने आला असेल, याच विहिरीचे पाणी प्याला असेल. त्याच्या अनुभवावर मजकूर उभा आहे. तीन लाख गाईंचा दावा तपासता येत नाही. तरीचे पैसे द्यावे लागले नाहीत, हे त्याला माहीत असते. तपासता येणारी एक गोष्ट खरी निघाली, की शेजारच्या न तपासता येणाऱ्या गोष्टीही खऱ्या वाटू लागतात. पटवण्याच्या कलेतील ही फार जुनी आणि फार प्रभावी खूण आहे.

या लेखात आणखी एक विलक्षण वळण आहे. इतका वेळ उषवदाताविषयी तृतीय पुरुषात चाललेले निवेदन मध्येच बदलते आणि तो स्वतः बोलू लागतो. मालयांनी वेढलेल्या उत्तमभद्रांना सोडवायला मी गेलो, आणि नुसत्या गर्जनेनेच मालय पळाले, असा त्याचा आशय आहे. मग पोक्षर, म्हणजे पुष्कर तीर्थावर स्नान आणि आणखी ३,००० गाई. हा बदल लेखनिकाच्या निष्काळजीपणामुळे झाला असेही म्हणता येईल. परिणाम मात्र वेगळाच होतो. दूरच्या अधिकाऱ्याची नामावळी वाचत असताना अचानक एक माणूस समोर येऊन उभा राहतो आणि आपली गोष्ट सांगतो.

याच लेणीतील दुसऱ्या लेखात पैशाचा व्यवहार आहे. उषवदाताने ३,००० कार्षापण गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे कायमची ठेव म्हणून ठेवले: २,००० एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक दराने, १,००० दुसरीकडे शेकडा पाऊण दराने. मूळ रक्कम परत घ्यायची नाही, फक्त व्याजातून भिक्षूंना चीवर आणि इतर खर्च मिळायचा. शेवटी नोंद आहे, की हे सर्व निगमसभेत ऐकवले गेले आणि रिवाजाप्रमाणे फलकावर नोंदवले गेले. सभेत ऐकवले, फलकावर लावले, वर लेणीत कोरले. एकच मजकूर तीन ठिकाणी. ‘जाहीर केले’ या शब्दाचा याहून काटेकोर अर्थ सापडणे कठीण.

मग गौतमीपुत्र सातकर्णी आला आणि नहपानाचा पराभव झाला. पराभूताच्या जाहिरातींचे त्याने काय केले, हे पाहण्याजोगे आहे. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभी इथे चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यात नहपानाची १३,००० हून अधिक नाणी होती आणि त्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपले ठसे पुन्हा मारले होते. नाणी वितळवून नवी पाडता आली असती. ते केले नाही. नहपानाच्या चेहऱ्यावरच तीन कमानींचा डोंगर आणि उज्जैन चिन्ह उमटले. यात खर्चाची बचत असेल, घाई असेल. पण अनेक नाण्यांवर खालचा चेहरा पुरता पुसलेला नाही, आणि बाजारात नाणे हातात घेणाऱ्याला जिंकणारा आणि हरणारा दोघेही एकदम दिसत होते. कोरे नाणे हे सांगू शकले नसते.

जमिनीच्या बाबतीतही तेच. कार्ल्याच्या भिक्षुसंघाला उषवदाताने दिलेले करजिक गाव गौतमीपुत्राने आपल्या नावाने पुन्हा दिले. नाशिकला, आपल्या कारकिर्दीच्या अठराव्या वर्षी, बेणाकटकाच्या विजयी छावणीतून त्याने गोवर्धनच्या अमात्याला आज्ञा धाडली: पश्चिम कखडी गावातील, पूर्वी उषवदाताकडे असलेले २०० निवर्तने शेत त्रिरश्मीवरील संन्याशांना द्यावे. दान जुनेच आहे, दाता नवा आहे. आणि ही आज्ञा जिथे कोरली ती तिसऱ्या क्रमांकाची लेणी उषवदाताच्या लेणीच्या धर्तीवर, तिच्याशी उघड स्पर्धा करत घडवली आहे.

या भिंतीवरचा सर्वांत मोलाचा मजकूर मात्र त्यानंतरचा, चोविसाव्या वर्षाचा आहे. गौतमीपुत्र आणि राजमाता यांच्या नावाने तोच विषय पुन्हा निघतो. पूर्वी दिलेले शेत कसले जात नाही आणि ते गाव वसलेले नाही, म्हणून त्याऐवजी नगराच्या सीमेवरील राजाच्या शेतातून १०० निवर्तने द्यावीत, असा हुकूम आहे. विजयी छावणीतून, मोठ्या थाटात जाहीर झालेले दान सहा वर्षांत निरुपयोगी ठरले होते. आणि नवे शेत पहिल्याच्या निम्मे होते. युद्धाने त्या गावाचे काय केले असेल याचा अंदाज या एका कोरड्या वाक्यावरून बांधता येतो. प्रशस्तीच्या शेकडो शब्दांवरून तो बांधता येत नाही. भिक्षूंनी पहिली आज्ञा पुसली नाही. दोन्ही एकाच भिंतीवर राहू दिल्या, कारण त्यांच्या दृष्टीने ते जमिनीचे कागद होते.

त्याच लेणीत वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या एकोणिसाव्या वर्षी गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिच्या नावाने ती प्रसिद्ध प्रशस्ती कोरली गेली. गौतमीपुत्र तेव्हा हयात नव्हता. भामह आणि दंडी यांचे अलंकारग्रंथ अजून काही शतके दूर होते, पण पुढे ते ज्यांची व्याख्या करणार होते त्या बहुतेक क्लृप्त्या या प्राकृत गद्यात आधीच वावरत आहेत. सूर्यकिरणांनी उमललेल्या कमळासारखा चेहरा ही उपमा. सामर्थ्यासाठी हिमालय, मेरू, मंदार. ‘तीन समुद्रांचे पाणी ज्याच्या घोड्यांनी प्यायले’ ही अतिशयोक्ती. राज्याचा विस्तार सांगायला नकाशा न वापरता तहानलेला घोडा वापरणे ही कल्पना इतकी नेमकी आहे, की आजही सातवाहनांविषयीचे कुठलेही भाषण तिच्यावाचून पुरे होत नाही. राम, केशव, अर्जुन आणि भीमसेन यांच्याशी तुलना येते. नव्या माणसाची थोरवी सांगण्यापेक्षा, लोकांच्या मनात आधीच थोर असलेल्यांच्या शेजारी त्याला बसवणे नेहमीच सोपे असते.

एक शब्द इथे पुन्हा पुन्हा वाजतो: ‘एक’. एकमेव नियंता, एकमेव धनुर्धर, एकमेव शूर, एकमेव ब्राह्मण. चार वेळा आघात केल्यावर दाव्याला पुराव्याची गरज उरत नाही; लय पुराव्याचे काम करते. मुरबाड रस्त्याच्या भिंतींवर रंगवलेल्या जाहिरातींत ‘एकमेव’ हा शब्द आजही किती वेळा दिसतो, ते मोजून पाहण्यासारखे आहे.

आणि इतक्या कसलेल्या मजकुरात एक विसंगती राहून गेली आहे, किंवा मुद्दाम ठेवली आहे. हा राजा अपराध केलेल्या शत्रूचीही प्राणहिंसा न आवडणारा आहे, असे एक विशेषण सांगते. पुढे थोड्याच अंतरावर तोच क्षहरात वंश निःशेष करणारा आणि शक, यवन, पल्हवांचा नाश करणारा ठरतो. दोन्ही खरे असू शकत नाही. पण लेणी बौद्ध भिक्षूंची आहे आणि वाचणाऱ्यांत लढणारे सरदारही आहेत. प्रत्येक श्रोत्यासाठी एक विशेषण ठेवले आहे. जे ज्याला हवे ते त्याने घ्यावे. विशेषणांच्या लांब माळेचा हाच फायदा असतो. वाक्यांत विरोध पटकन दिसतो, माळेत तो लपतो.

बलश्री स्वतःचे वर्णन कसे करते, हेही नागनिकेच्या शेजारी ठेवून वाचावे. सत्य, दान, क्षमा आणि अहिंसा यांत रमलेली. तप, दम, नियम आणि उपवास यांत तत्पर. महाराजाची आई, महाराजाची आजी. मधल्या दीडदोन शतकांत राजे बदलले, धर्मदानाचे पात्र बदलले, गद्याची शैली पार बदलली. पण घराण्याचे सर्वांत मोठे दोन्ही लेख व्रतस्थ, पोक्त स्त्रीच्या आधाराने उभे आहेत. राजाने स्वतःच स्वतःला एकमेव शूर म्हटले तर लोक हसतील. उपवास करणारी वृद्ध आई म्हणाली, तर गप्प बसतील. बोलणाऱ्याचे चारित्र्य हाच बोलण्याचा पुरावा. या दोन स्त्रियांना खरोखर किती सत्ता होती, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही, उलट अवघड होतो. त्यांची नावे दगडावर आहेत ती त्यांच्या अधिकारामुळे, की त्यांच्या नावाला असलेल्या विश्वासार्हतेमुळे? बहुधा दोन्ही कारणे होती; पण इतिहासलेखनात पहिले कारण उत्साहाने सांगितले जाते आणि दुसरे विसरले जाते.

बलश्रीच्या प्रशस्तीत गौतमीपुत्राच्या प्रदेशांची यादी आहे: असिक, असक, मुळक, सुराष्ट्र, कुकुर, अपरान्त, अनूप, विदर्भ, आकर-अवंती. अपरान्त म्हणजे उत्तर कोकण. घाटांखालचा हा सगळा मुलूख, डोळखांबसकट. आता गिरनारच्या पायथ्याशी, जुनागढला जावे. तिथे शक महाक्षत्रप रुद्रदामनाचा, शके ७२ म्हणजे इसवी सन १५० चा संस्कृत लेख आहे. त्यातही प्रदेशांची यादी आहे, आणि तिच्यात सुराष्ट्र, कुकुर, अपरान्त, अनूप, आकर-अवंती ही नावे पुन्हा येतात. रुद्रदामन सांगतो, की दक्षिणापथाचा स्वामी सातकर्णी याला आपण दोनदा सरळ युद्धात हरवले, पण जवळच्या नात्यामुळे त्याचा उच्छेद केला नाही. पराभवाची बातमी आणि क्षमेची बातमी एकाच वाक्यात.

एकच भूमी दोन दगडांवर दोघांची आहे. यांतले खोटे कोण, असे विचारून फार काही हाती लागत नाही. सीमा हलत होत्या आणि प्रत्येकाने आपल्याला अनुकूल क्षण कोरला. त्या ‘जवळच्या नात्या’चा धागा मात्र ठाण्याच्याच प्राचीन परिसरात, बोरिवलीजवळच्या कान्हेरी लेण्यांत सापडतो. तिथल्या एका लेखात वासिष्ठीपुत्र सातकर्णीच्या राणीचा उल्लेख आहे. ती कार्दमक राजांच्या कुळातली, एका महाक्षत्रपाची मुलगी. लेख संस्कृतात आहे. त्यात ना गाईंचे आकडे आहेत, ना जिंकलेल्या प्रदेशांची नावे. बापाच्या नावातले फक्त ‘रु’ हे पहिले अक्षर शाबूत आहे, त्यापुढचा दगड फुटला आहे. दान अमात्याचे आहे, आणि ते आहे पाण्याच्या टाक्याचे.